अडलेलं खेचर

दादाला खाली आणायचं, एवढ्यासाठी निघालो होतो. मागच्या वर्षी खिंडीखाली बर्फात गाडला गेला तो. यंदा बर्फ वितळल्यावर मेंढपाळांना त्याचं लाल जाकीट दिसलं. कुणी सोबत यायला तयार होईना, तेव्हा सगळी जमवाजमव मीच केली : दोन खेचरं, एक म्हातारा वाटाड्या, आणि नको नको म्हणताना हट्टाने आलेली वहिनी.

पाचव्या दिवशी हिमनदीवर पुढचं खेचर थांबलं. कान ताठ, पाय रोवलेले.

"ते नाही म्हणतंय, साहेब," वाटाड्या म्हणाला. "खाली पोकळ असणार. वळसा घालू. एक दिवस जाईल."

एक दिवस! अहो, दादा समोर दिसत होता! मी पडलो गॅरेजवाला. गाडी अडली की घाल लाथ, एवढंच मला कळतं. काठी हिसकावली आणि ठेवून दिल्या दोन.

बिचारं पुढे झालं. बर्फ खचला! दोर सुटला! खालून एकदाच आवाज आला. तंबू, स्टोव्ह, सगळं त्याच्याबरोबर गेलं.

वाटाड्याने उरलेल्या खेचराचा दोर धरला आणि त्याला मागे वळवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी वळसा घातलाच. रात्र खडकाआड, उघड्यावर कुडकुडत काढली. सकाळी दादापाशी पोचलो. वहिनी त्याच्या तोंडावरचा बर्फ पुसत बसली, ती उठायला गेली तर उठवेना. बूट काढले. बोटं काळीनिळी!

"खेचर एकच आहे," वाटाड्या म्हणाला. "एकालाच नेता येईल."

"ह्यांना बांधा. मी येते चालत."

"वहिनी, उभं तरी राहता येतंय का?"

"तुमच्यामुळे गेलं ते खेचर, भाऊजी! आता ह्यांना तरी न्या!"

खरंच होतं. मी तिला उचललं आणि खोगिरावर दोराने बांधलं. ती मला मारत होती, चावत होती. मग दादावर दगड रचले. एकेक दगड ठेवताना वाटलं, याला मीच इथे टाकून चाललोय.

उतरताना चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

घरी आई दारातच उभी होती. गाडीच्या मागे बघत राहिली.

"कुठाय माझा मुलगा?"

पट्ट्या बांधलेल्या पायांनी वहिनी कशीबशी पुढे झाली.

"मीच नको म्हटलं, आई. राहू दे त्यांना तिथेच, म्हटलं. भाऊजींना काही बोलू नका."

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला सहन होईना.