मागे कोणी नाही

शनिवारी सकाळी इनिशगार बेटावर जाणारी बोट सुटली तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. धावायला निघालेली मंडळी बुटांच्या नाड्या आवळत होती, लोणी फासलेला मनुकांचा ब्रेड तोंडात कोंबत होती. गोबनेट मात्र एका बाजूला उभी होती. तिच्या हातात पिवळं जाकीट होतं.

बेटावरच्या धावेचा नियम साधा. धावा, चाला, रांगलात तरी चालेल. पण पिवळ्या जाकिटातला माणूस सगळ्यांच्या मागून येणार, कोणाला एकटं मागे राहू देणार नाही. तो पोचला की परतीची बोट सुटायची.

गेल्या उन्हाळ्यात हे जाकीट कॉलमनच्या अंगावर होतं. गोबनेटची धाकटी बहीण इटा त्या दिवशी सर्वांत हळू चालत होती. कॉलमन पोचला, ‘मागे कोणी नाही’ म्हणाला आणि बोट सुटली. पुढे लाटांनी इटाला किनाऱ्यावर आणून टाकलं. तिच्या एकाच पायात बूट होता. ‘ती माझ्या पुढे गेली होती,’ असं कॉलमनने चर्चमध्ये शपथेवर सांगितलं, आणि साऱ्या गावाला ते पटलंही. गोड बोलणारा माणूस, त्याच्यावर कोण संशय घेणार! गोबनेटला मात्र त्याच्याच तोंडून खरं ऐकायचं होतं. त्यापायी तिची वर्षभराची झोप उडाली होती.

“आज शेपटाचं, सगळ्यांच्या मागून यायचं काम तुझ्याकडे का गं?” कॉलमन जवळ येत म्हणाला. त्याचा गुडघा पावलागणिक ‘कट्’ वाजायचा.

“हो. तुझ्या मागेच असेन मी.”

“अरे कॉलमन, गुडघ्याला जरा तेल पाज,” बोटीचा कप्तान ओरडला. “साऱ्या बेटावरच्या मेंढ्या बुजतील!”

सगळे हसले. गोबनेट हसली नाही.

धाव सुरू झाली आणि समुद्रावरून धुकं आलं. बघता बघता पुढची माणसं त्यात विरून गेली. रस्त्यावर उरली दोघंच. पुढे कॉलमन, कट्... कट्... आणि मागे ती. कुजक्या शेवाळाचा वास दाटून आला. पडक्या टेहळणी बुरुजापाशी कॉलमन थांबला.

“गोबनेट, तुझ्यासोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग ते पाऊल कोणाचं?”

तिनेही कान दिला. मागून चाहूल येत होती. एक पाऊल पचकन, ओल्या बुटाचं. दुसरं अनवाणी, दगडावर थापटल्यासारखं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्या भीतीच्या खालून काहीतरी सुखावलंही.

“तूच सांग कोणाचं ते,” ती हळूच म्हणाली.

कॉलमनचा चेहरा पांढराफटक पडला. “तिला... तिला म्हणावं, मागे जा...”

“आधी बोल.”

“हाक ऐकली होती मी तिची! खाली, जुन्या धक्क्यावरून! घरी टीव्हीवर मॅच सुरू व्हायची होती गं... वाटलं, येईल आपली आपण...”

पाऊल पचकन पुढे पडलं. कॉलमन किंचाळला आणि वाट सोडून उतारावरून पळाला, थेट जुन्या धक्क्याच्या दिशेने. काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. मग खालून हाक आली. “गोबनेट! पाय अडकलाय कपारीत... पाणी चढतंय गं... थांब!”

हवं ते मिळालं होतं. इतकंच तर ऐकायचं होतं तिला. ती थांबली. बराच वेळ हाका ऐकत उभी राहिली, अगदी पोट भरेस्तोवर. मग तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि चालू लागली.

धाव संपायची तिथल्या तंबूत डिम्पना चहाची किटली घेऊन बसली होती. “आलीस बाई! कॉलमन कुठाय?”

“मागच्या वळणावरून वर, पुतण्याकडे गेला. आज राहणार आहे म्हणे.”

“मग मागे कोणी नाही ना? बोटीला खूण करू?”

“कोणी नाही.”

डिम्पनाने हात उंचावून खूण केली, दोन कप भरले आणि गोबनेटच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, “या ना हो, तुम्हीपण घ्या. गारठलात अगदी.”

“कोणाला म्हणतेस?”

“तुझ्या मागून आली ना ती... अगंबाई! आत्ता तर इथे होती. नखशिखांत भिजलेली. तू ‘कोणी नाही’ म्हणालीस ना, तेव्हा सारखी ‘नाही, नाही’ अशी मान हलवत होती.”

गोबनेटने कप उचलला. अजून वेळ होता. एक शब्द बोलली असती तरी दहा माणसं धक्क्याकडे धावली असती. ती चहा प्यायली.

बोटीवर ती सगळ्यांत शेवटी चढली. कप्तानाने तिच्यामागे फळी ओढून घेतली, दोर सोडला. बेट धुक्यात बुडालं. गोबनेटने कठड्याला घट्ट धरलं आणि डोळे मिटले. संपलं एकदाचं, असं तिला मनापासून वाटलं.

पाठीमागे डेकवर ओलं पाऊल पचकन पडलं. मग अनवाणी.

मग, त्यांच्याही मागे, कट्.