दोनशे अठरा कुरव

पहिल्या भेटीत नाझिशने त्याला शिवी दिली, आणि ती अगदी मनापासून दिली.

आखाती देशातल्या झल्लाकला हॉटेलांची ओळ संपते, त्याच्या पुढे एक उथळ खाडी आहे. ओहोटीला तिथे उभी राहून ती कुरव, थंडीत येणारे ते पांढरे समुद्रपक्षी, मोजत होती. डोळ्याला दुर्बीण, ओठांवर आकडा. एकशे नव्वद... एकशे एक्याण्णव... तेवढ्यात एक मोटरबोट धडधडत आली आणि वाऱ्याने पांढरी ओढणी ओढून न्यावी तसा सगळा थवा उठून गेला.

"मेल्या, डोळे फुटले काय तुझे?"

परमुलखात एक बरं असतं, आपल्या भाषेतली शिवी समोरच्याला लागत नाही. पण बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि शांतपणे सांगितलं, "फुटले नाहीत, मॅडम. दाभोळचे आहेत. लांबचं नीट बघतात, जवळचं जरा चुकतं."

नाझिश श्रीवर्धनची. आलेलं हसू तिने दुर्बिणीआड दडवलं आणि राग तेवढा बाहेर ठेवला. थवा परत बसेपर्यंत हलायचं नाही, असं तिने त्याला बजावलं. तो बसून राहिला. हॉटेलची बोट चालवायचा तो, नाव ताहिर. हे पाहुणे कुठले, एवढंच त्याने विचारलं, आणि ती बांध फुटल्यासारखी बोलत सुटली.

उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्राकाठी यांचं घर. आता तिथला बर्फ विरतोय, पाणी तापतंय, मासा खोल निघून जातो. आई समुद्रावर जाते आणि रिकामी चोच घेऊन पिल्लापाशी परत येते. त्या आडमुलखात सगळीकडे जाऊन कोण मोजणार? म्हणून थंडीला ते इथे उतरले की इथे मोजायचे. त्यात ही खाडी बुजवून बंगले बांधायला एक कंपनी टपलेली. घटत चाललेल्या पाखरांचा आसरा असेल तर भराव नाही, अशी अट होती. आणि ते ठरवणारा अहवाल नाझिशच्या ऑफिसने लिहायचा होता. सगळं ती अशा सुरात सांगत होती, जणू बर्फ ताहिरनेच वितळवलाय.

थवा बसला. तिने मोजलं. दोनशे अठरा. गेल्या वर्षी याच सुमाराला सहाशेच्या वर होते. तिने वही मिटली, त्याच्याकडे पाठ केली... आणि तिचे खांदे हलले. ताहिरने ते पाहिलं.

पुढच्या शनिवारपासून ऑफिसने त्याचीच बोट भाड्याने घेतली. आणि नवल झालं, कुरव वाढले. चारशे. साडेपाचशे. नाझिश हरखली. वल्ह्याने बोट सरकवता सरकवता तो गुणगुणायचा. मासळी निवडताना त्याची अम्मी म्हणायची ते:

*दर्याच्या पाखरा, किती लांबून आलास,*
*माझ्या दारावरून उपाशी का गेलास?*

"मॅडम, कधी मलाही मोजा की," एकदा तो म्हणाला.

"तू एकटाच तर आहेस. मोजायचं काय त्यात?"

"तेच तर सांगतोय... एकटाच आहे."

तिने वहीत डोकं घातलं. त्या पानावरचा आकडा पुढे तिलाच वाचता आला नाही.

नवव्या शनिवारी ती तासभर आधी निघाली. पहाटे उठून सांदणं केली होती, नारळाच्या रसातली, कणीदार. जुफैरहून टॅक्सीने येताना डबा मांडीवर ऊन ऊन लागत होता.

खाडीत ताहिर गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात हॉटेलच्या मुदपाकखान्याची बादली. तो माशांची डोकी, आतडी मुठी भरभरून फेकत होता, आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवरचे कुरव किंचाळत त्याच्यावर कोसळत होते.

नाझिशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्याच्यावर होता, स्वतःवर त्याहून जास्त. भुकेला कुरव वाळूवर इतका गप्प बसतो कधी? सात शनिवार तिने पोट भरलेली पाखरं मोजली होती, आणि कळलं नव्हतं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या शनिवारपासून." त्याने बादली खाली ठेवली. "त्या दिवशी दोनशे अठरा म्हणालात आणि रडलात. मला बघवलं नाही. शिवाय... लांबून आलेलं पाखरू. उपाशी कसं जाऊ द्यायचं?"

"मग मला रुमाल द्यायचा होतास, ताहिर! पाखरं कशाला दिलीस?"

तो पाण्यातून बाहेर यायला लागला. ती मात्र थांबली नाही. अहवालात आता पाखरं दुप्पट झाली, कंपनी नाचत येईल, भराव पडेल. तुझ्या मायेने त्यांचं घर बुजवलं, सोमवारी साहेबांपुढे जाऊन सगळे आकडे रद्द करायला सांगते, असं ती म्हणाली, आणि डबा तसाच घेऊन उलट्या पावली निघून गेली.

सोमवारी तिने साहेबांसमोर, इक्बालभाईंसमोर, सातही आकडे रद्द करायचा अर्ज ठेवला. इक्बालभाई हसले. वाढले ते वाढले, खलास. कोणी बादली ओतली याला पुरावा काय? बोटवाला स्वतः लिहून देणार आहे का? त्याच्या व्हिसावर हॉटेलचा शिक्का आहे.

हे नाझिशला ठाऊक होतं. म्हणूनच तिने त्याला बोलावलं नव्हतं.

दार उघडलं. ताहिर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि हातात तीच बादली. त्याने ती इक्बालभाईंच्या काचेच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी नाक दाबलं.

"हा पुरावा," तो म्हणाला. "कागद द्या, कुठे लिहू?"

"वेडा आहेस? नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. खोटं माझ्या हातून गेलंय, ते माझ्याच हाताने परत घेतो."

अक्षर वाकडंतिकडं, पण सात तारखा बरोबर. सही करून तो तिच्याकडे न बघता गेला. त्या कागदापुढे इक्बालभाईंचं काही चाललं नाही. अहवाल अडला, मार्चपर्यंत नव्याने मोजणी लागली. आणि आठवड्याच्या आत ताहिरची नोकरी गेली. दुसरं काम शोधायला हातात एक महिना, नाहीतर परत दाभोळ.

पुढच्या शनिवारी उत्तरेकडचा शमाल वारा सुटला होता. नाझिश खाडीवर एकटी उभी होती, रागाने ताठ. कंपनीवरचा राग, साहेबांवरचा, तापत्या समुद्रावरचा, आणि तिला न विचारता स्वतःच्याच पोटावर पाय देणाऱ्या त्या दाभोळच्या शहाण्यावरचा. मागे वाळू वाजली. तो चालत आला होता. बोट नाही, बादली नाही. दहा पावलांवर थांबला. पाखरं उठू नयेत म्हणून.

ती मोजत राहिली. शेवटी दुर्बीण खाली आली.

"एकशे बासष्ट," ती म्हणाली, आणि या वेळी पाठ केली नाही.

तो जवळ आला. खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढून पुढे धरला.

"घे," म्हणाला. घ्या नाही... घे.

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, रुमाल परत दिला नाही. "काम मिळालं?"

"जनाबियाला एक जण बोटी दुरुस्त करतो. परवा बोलावलंय. इंशाल्ला."

"माझा राग अजून गेलेला नाही."

"माहितीये."

"बराच आहे. मार्चपर्यंत तरी पुरेल."

"मी दर शनिवारी येईन. लांब उभा राहीन."

नाझिशने पिशवीतून डबा काढला. सांदणं, आजच्या पहाटेची. एक त्याच्या हातावर ठेवलं, आणि एक कुरव मान वाकडी करून दोन पावलं पुढे आला.

"त्याला दिलंस तर बघ," ती म्हणाली. "आणि लांब कशाला? इथे उभा राहा."