पंचेचाळीस अंशांचं घर

मंगळावरच्या लोहितनगर वसाहतीच्या उष्णता प्रयोगशाळेत ऋजुता केळुसकर पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होती. भार्गव ठोंबरेचा हिशेब चुकला होता. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. पण आनंद काही कमी होईना.

भार्गवला नळ जोडायला तिनेच शिकवलं होतं. आणि आता वसाहतप्रमुख सरोजताई ऊठसूट त्याचंच कौतुक करत! अणुभट्टीतून घरोघरी सत्तर अंशांचं पाणी जाई. ते पंचेचाळीसवर आणू, वाचलेली उष्णता भाजीमळ्याला देऊ, ही त्याची कल्पना. आज संध्याकाळी त्याच्या घरात वीस अंश भरले, की ऋजुताचं उष्णताप्रमुखपद त्याला मिळणार होतं.

"पाणी आणि खोली यांतला फरक पन्नासाचा पंचवीस झाला, ताई," दुपारी प्रयोगशाळेत येऊन तो ऋजुताला म्हणाला. "अर्धा. म्हणून उष्णक दुप्पट मोठे बसवले. बरोबर ना?"

उष्णक म्हणजे गरम पाणी खेळवणारी, भिंतीवरची पोलादी पट्टी. फरक अर्धा झाला, की तिच्यावरून वर चढणारी हवाही मंदावते. म्हणून उष्णता निम्म्याहूनही कमी मिळते. उष्णक अडीचपट हवे होते.

"मला काय विचारतोस? हुशार तू," ऋजुता म्हणाली.

संध्याकाळी त्याची फजिती बघायला ती मुद्दाम गेली. घर सोळा-सतरा अंशांवर कुडकुडत असणार! दार उघडलं, तर आत माणसं दाटीवाटीने बसलेली आणि गाण्याच्या भेंड्या रंगलेल्या.

"एवढी गर्दी कशाला?"

"आमच्या भार्गवचा निकाल आहे, येणारच की!" कोणीतरी ओरडलं.

"पण ही चाचणी—"

"माणसं धरूनच मोजायचं," सरोजताई म्हणाल्या. "रिकाम्या घराला कशाला हवी ऊब? साडेएकोणीस झालेत. दार लाव ग, बस. चहा झाला की शेवटचा आकडा घेऊ."

ती कोपऱ्यात टेकली, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. माणूस म्हणजे सदतीस अंशांचा उष्णकच की! पाणी कोमट, पण पट्ट्या भरपूर. प्रत्येकाचे शंभरेक वॅट. उरलेल्या अर्ध्या अंशाला अजून एकच माणूस हवा होता. ती उठू लागली, तोच शेजारच्या काकूंनी हातात कप दिला आणि खांदा दाबून तिला खाली बसवलं.

चहा संपला.

"वीस!" सरोजताई म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटचे शंभर वॅट माझे आहेत, असं ओरडून सांगावंसं ऋजुताला वाटलं. पण मग चूक आधीपासून ठाऊक होती, हेही सांगावं लागलं असतं. तिनेही टाळ्या वाजवल्या.