जुलै की ऑक्टोबर

अध्यक्षबाईंनी गुंतवणूकदारांचं चार पानी साप्ताहिक टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत न बसताच बोलायला सुरुवात केली.

त्यांची कंपनी संगणकाचे प्रोसेसर बनवायची. पुढचा प्रोसेसर स्वतःच्या कारखान्यात न बनवता बाहेरून बनवून घ्यायचा आणि कारखाना बंद करायचा, असा गुपचूप ठराव महिन्यापूर्वी झाला होता. तो जाहीर होण्याआधीच साप्ताहिकानं छापून टाकला: 'नवा प्रोसेसर बाहेरच्या कारखान्यात, जुलैपासून.' बाजारात तर्कवितर्कांना ऊत आला होता.

"ठरावाचा कागद माझ्याखेरीज तिघांनीच पाहिलाय," त्या म्हणाल्या. "कारखानाप्रमुख, आराखडाप्रमुख आणि माझी सहायिका. त्यात ऑक्टोबर लिहिलंय, जुलै नाही. बाकी सगळं बरोबर."

खासगी तपास करणाऱ्या ताई त्या दिवशी तापानं फणफणल्या होत्या. म्हणून त्यांचे धाकटे बंधू भाऊ, निवृत्त मास्तर, एकटेच आले होते. आपलं डोकं ताईपेक्षा कमी नाही, फक्त संधी मिळत नाही, अशी त्यांची जुनी तक्रार होती. ती संधी आता आयती चालून आली होती.

कारखानाप्रमुख मोठ्या मनाचा माणूस निघाला. भट्टीवरचा कामगार म्हणून लागला आणि तीस वर्षांत प्रमुख झाला. त्यानं भाऊंना काचेच्या कपाटातला सध्याचा प्रोसेसर कौतुकानं दाखवला. "हा आमचा जानेवारीचा," तो म्हणाला. खालच्या पितळी पट्टीवर 'एप्रिल' कोरलं होतं. वय झालं की असं व्हायचंच, असं म्हणून भाऊंनी ते मनावर घेतलं नाही, तरी सवयीनं वहीत टिपून ठेवलं.

आराखडाप्रमुख तुटक बोलला. त्याच्या आराखड्यांवरून प्रोसेसर कुठेही बनले तरी त्याला फरक पडत नव्हता. सध्याचा प्रोसेसर कधीचा, असं विचारल्यावर त्यानं "एप्रिल" म्हणून सांगितलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

सहायिका मात्र पहिल्याच प्रश्नाला रडू लागली. तिचा नवरा त्याच कारखान्यात होता, अगदी शेवटच्या टोकाला, तयार माल खोक्यात भरणाऱ्या विभागात. कारखाना बंद झाला की त्याची नोकरी जाणार होती. नवरा कारखान्यात आणि डोळ्यांत पाणी, भाऊंना आणखी काय हवं होतं? संध्याकाळच्या आत त्यांनी अध्यक्षबाईंना अहवाल दिला आणि त्याच दिवशी सहायिकेला घरी बसवण्यात आलं.

आठ दिवसांनी ताई उठून बसल्या. त्यांनी भाऊंची वही वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"अहवाल द्यायची एवढी घाई का केलीस?"

भाऊंनी अश्रूंचं सांगितलं. ताईंनी वही मिटून उशाशी ठेवली. बहीण रागावली की बोलते, आणि चूक भलतीच मोठी असली की गप्प बसते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षबाईंच्या खोलीत दोन्ही प्रमुख बसले होते.

"साप्ताहिकानं महिना चुकवलेला नाही," ताईंनी सुरुवात केली. "सिलिकॉनची चकती कारखान्यात शिरल्यापासून तिचा प्रोसेसर होऊन बाहेर पडेपर्यंत तीन महिने लागतात. कचेरी माल बाहेर पडतो तो महिना धरते, म्हणून ठरावात ऑक्टोबर आहे. त्यासाठी चकती जुलैत आत जायला हवी. जुलै सांगणारा माणूस चकती आत जाते तो दिवस धरतो."

"म्हणजे कारखान्यातलाच," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सहायिकेचा नवरा."

"तो खोकी भरतो. त्याच्या हाती माल येतो तो तयार होऊन. त्याच्या लेखी कपाटातल्या प्रोसेसरची जन्मतारीख एप्रिल, कचेरीसारखीच. सहायिकेनं ठराव टंकला, तिथेही ऑक्टोबरच. आराखडाप्रमुखांनीही कपाटातला प्रोसेसर एप्रिलचा सांगितला. पितळी पट्टी समोर असताना त्याला जानेवारीचा म्हणणारा एकच माणूस माझ्या भावाला भेटला. सुरुवातीच्या भट्टीत कोऱ्या चकत्या सरकवत ज्याची उमेदीची वर्षं गेली, तो."

कारखानाप्रमुखानं हात गुडघ्यांवर ठेवले. नाकारण्याचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"मला एक पैसा मिळाला नाही," तो म्हणाला. "वाटलं, बातमी फुटली की शेअर कोसळेल, गुंतवणूकदार ओरडतील, ठराव मागे घ्यावा लागेल. चारशे कामगारांची घरं आहेत हो माझ्यावर. पण शेअर चढला. लोकांना आनंद झाला."

"आणि सहायिका?" ताईंनी विचारलं.

"चारशे घरांपुढे एक घर, असं मनाला समजावत होतो. मन ऐकत नव्हतं. पण तोंडही उघडलं नाही."

भाऊंना त्याच्याकडे बघवेना. त्या बाईचं नाव या माणसानं घेतलं नव्हतं, ते आपणच घेतलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. माफीचं आणि पुन्हा कामावर बोलावल्याचं पत्र आपणच नेऊन देतो, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी होकारार्थी मान हलवली.

दार सहायिकेच्या नवऱ्यानं उघडलं. भाऊ कोण ते कळल्यावरही त्यानं हसून आत बोलावलं, पाणी दिलं. भाऊंना आश्चर्य वाटलं.

"तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला. "हिनं केलं ते बरोबरच केलं. नोकरी गेली तर गेली. आमच्या विभागात सगळे म्हणतात, बायको असावी तर अशी. नवऱ्यासाठी, चारशे माणसांसाठी जिवावर उदार झाली."

सहायिका आतल्या दारात उभी होती. तिनं भाऊंच्या हातातला लिफाफा पाहिला आणि मानेनंच नको नको म्हटलं. भाऊंना उशिरा समजायची सवय होती, आणि लिफाफा तोवर नवऱ्याच्या हातात गेला होता.

त्यानं पत्र सावकाश वाचलं. मग बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस?"

"नाही."

"महिनाभर तुला माहीत होतं. रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतीस."

"कुणाला सांगणार नाही म्हणून सही करून घेतली होती माझी," ती म्हणाली. "त्या दिवशी यांच्यापुढे रडले ते त्याचसाठी."

नवऱ्यानं पत्राची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून तो बाहेर निघून गेला. भाऊ माफी मागायला आले होते. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले.

"सोमवारी येते म्हणून सांगा कचेरीत," सहायिका म्हणाली, आणि त्यांच्यासमोरचा रिकामा पेला उचलून आत गेली.