कायमची खूण

एका ग्राहकाचे नकाशे व्हायरसने गिळले, तेव्हा कुठे त्याने फायरवॉलचं मनावर घेतलं. घरांचे नकाशे काढणं हा त्याचा धंदा. वडिलांनी अंथरूण धरल्यापासून तो त्यांच्याच खोलीत, खिडकीपाशी टेबल टाकून काम करायचा. विकतचं सॉफ्टवेअर परवडत नव्हतं. फुकटातलं एक जाहिरातींनी डोकं उठवायचं, दुसऱ्याने संगणकाची गोगलगाय केली. तिसरं मात्र कुठलाही प्रोग्रॅम बाहेर निघाला की विचारायचं, जाऊ द्यायचं?

“हेच बरं,” तो मेहुण्याला फोनवर म्हणाला. “घराला दारं किती, ते आपल्याला ठाऊक हवं.”

“दाजी, आधीचं काढून टाका मात्र. दोन फायरवॉल म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सासवा.”

आधीचं काढलं. ब्राउझरला परवानगी दिली, ईमेलला दिली. मग एक चौकट आली. तिच्यात प्रोग्रॅमचं नावच नव्हतं, नुसता प्रश्न. अनोळखी माणसाला कोण मोकळं सोडतं? त्याने ‘नको’ दाबलं आणि ‘हाच निर्णय कायम’वर खूण केली.

मागे खाटेवर वडिलांचा अडकलेला श्वास घर्रकन पुन्हा सुरू झाला.

नातेवाइकांना बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं. नातेवाईक आले, राहिले, अवघडून परतले. वडील तसेच. पाणी ओठांतून ओघळायचं, बोटं चादरीची कड चाचपत राहायची, नजर दाराकडे. डॉक्टर बराच वेळ नाडी धरून बसले. “मला हे कळत नाही,” एवढंच म्हणाले.

“सोड रे,” वडील म्हणायचे. तो त्यांचा हात सोडायचा.

“सोड रे,” ते पुन्हा म्हणायचे.

बायकोच्या लक्षात आधी आलं. फायरवॉलने काही अडवलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागायचा. “नीट बघा. त्यांचा श्वास थांबतो तेव्हाच लागतो तो.”

“काहीतरीच तुझं.” त्याने इंटरनेटची वायर उपटून हातात धरली.

ठिपका लागला.

भर दुपारी त्याने ती कायमची खूण काढून टाकली. चौकट लगेच आली, उंबऱ्यातच ताटकळत असल्यासारखी. बायको सासऱ्यांचे पाय चेपत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“जाऊ द्या त्यांना.”

हात उठेना. बाप होता.

त्याने ‘जाऊ दे’ दाबलं. वडिलांची बोटं चादरीवरून सुटली.

सगळं आटोपलं, घर रिकामं झालं, तसा तो ते सॉफ्टवेअर काढून टाकायला बसला. बायको आत भांडी घासत होती.

चौकट आली. नाव नव्हतं.

आत भांड्यांचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत राहिला.

त्याने ‘नको’ दाबलं.

“अहो,” आतून आवाज आला, “उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारीच आली बघा.” भांडी पुन्हा वाजू लागली.

सॉफ्टवेअर काढायचं राहिलं. ‘कायम’वर खूण करायलाही त्याचं बोट धजेना. ते नुसतं माऊसवर टेकून राहिलं.

संध्याकाळी तिने जेवायला हाक मारली.

“इथेच आण,” तो म्हणाला. स्क्रीनवरची नजर त्याने काढली नाही.