नाळीखालची कोरडी जागा

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली तसं सुजयनं मनावर घेतलं, यंदा होडीवर गाणी वाजवायची. भाट्याच्या खाडीत पाहुण्यांना संध्याकाळची फेरी मारून आणायची, बुडता सूर्य दाखवायचा, हा त्याचा धंदा. शेजारच्या होड्यांवर गाणी असत, आणि माणसं गाण्यांमागं जातात. म्हणून बायकोला, वैष्णवीला, बरोबर घेऊन तो रत्नागिरीच्या बाजारात स्टिरिओ घ्यायला गेला.

मुंबईत असताना त्यानं गाड्यांना साउंड बसवायचं काम केलेलं. दुकानदारानं निळे दिवे लागणारे चकचकीत स्पीकर पुढं केले, ते यानं उलटे करून पाहिले आणि बाजूला सारले. आत कागदाचा पडदा होता. खारं वारं लागलं की पापडासारखा फुगणार. याला हवा होता प्लास्टिकचा पडदा, रबराची कड आणि गंज न धरणारी जाळी. तारासुद्धा कथिल चढवलेल्या. वैष्णवीचा जीव निळ्या दिव्यांत अडकलेला.

"मला बघायला आलात तेव्हा एवढं निरखलं नव्हतंत," ती म्हणाली.

"तुला कुठं मिठात ठेवायची होती," तो म्हणाला. दुकानदारसुद्धा हसला.

वस्तू चांगली मिळाली, पण ती होडीवर ठेवायची कुठं? सुकाणूजवळ होकायंत्र, तिथं स्पीकरचं लोहचुंबक आलं की काटा भलतीकडं वळणार. मधे पाहुण्यांचे पाय. मागं इंजिनाचं तेल. राहिली नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक. नाळीखाली फळीचं दार लावलेला एक कप्पा होता, भर लाटेतही त्यात थेंब जात नसे. सुजयनं दार उघडलं तर आत लाल कपड्यात गुंडाळलेला एक नारळ. तो गंगारामकाकांनी ठेवलेला. काका सुजयच्या बापाबरोबरचे जुने तांडेल, अजून सुकाणू त्यांच्याच हातात. त्या दिवशी ते लेकीकडं चिपळूणला गेलेले. आले की विचारू म्हणून सुजयनं नारळ काढून तारांच्या पिशवीत टाकला, त्या जागी स्टिरिओचा डबा आणि बाहेर स्पीकर बसवले, नारळ घरी आणला आणि विसरला.

वैष्णवीचं माहेर लांज्याच्या आतल्या बाजूला, शेतकऱ्याचं घर. तिच्या घरी पूजेचा नारळ फोडून सगळ्यांनी खायचा, वाया घालवायचा नाही, हीच रीत. पिशवीत कुंकवाची बोटं उठलेला नारळ दिसला, तिनं फोडला. एक तुकडा देवापुढं ठेवला, बाकीच्याचा गूळ घालून रस काढला आणि घावन केले. दोघं जेवली. सुजय म्हणाला, रस जरा खारट लागतोय गो. तिनं आणखी गूळ घातला.

दुसऱ्या संध्याकाळी पहिली फेरी. होडी पाहुण्यांनी भरली, वैष्णवी माइकवर बोलायला नाळीकडं बसली. गाणी इतकी स्वच्छ वाजली की काठावरची माणसं वळून बघायला लागली. मग एक गाणं संपलं आणि दुसरं लागायच्या आत, स्पीकरातून एक पुरुषी आवाज आला. चढा नाही, घाबरा नाही. रोजचं काम करणाऱ्याचा आवाज.

"पुरुषभर."

वैष्णवीला वाटलं, गाण्यातलंच काहीतरी असेल. पुढच्या गाण्यानंतर पुन्हा.

"छातीभर…"

मागं, चिपळूणहून परतलेल्या काकांचा हात सुकाणूवर थबकला. त्यांनी बाजूचा बांबू उचलून पाण्यात खुपसला. पाणी छातीभरच होतं, पुढ्यात वाळूची दांडी चढलेली. त्यांनी झटकन होडी वळवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो करमणुकीचा भाग वाटला.

धक्क्याला लागल्यावर, पाहुणे उतरल्यावर, काकांनी नाळीखालचं दार उघडलं. नारळ कुठं आहे ते विचारलं. वैष्णवीनं सरळ सांगितलं. काकांनी रिकाम्या कप्प्यात हात फिरवून पाहिला.

"खाल्लात?"

"होय. पूजेचा होता ना?"

"तो आपला नव्हता गो. पाण्याचा व्हता. वर्सभर आपण नुसता सांभाळायचा, नि नारळी पौर्णिमेला अख्खा देवन दुसरा ठेवायचा."

तिनं आवाजाबद्दल विचारलं. काका म्हणाले, शिडाच्या होड्या होत्या तेव्हा नाळीवर एक माणूस उभा राही, बांबूनं पाणी मोजी आणि मागच्याला ओरडून सांगी.

"मग हा कोण, काका?"

"माणूस असता तर नाव सांगितला असता."

सुजयनं ते उडवून लावलं. जवळच्या कुठल्या होडीचा वायरलेस शिरला असेल म्हणाला. स्टिरिओचा डबा तेवढा त्यानं काढून घेतला. स्पीकर होडीवर राहिले तरी चालतात, पण डब्याच्या पोटात दमट हवा गेली की तो संपला. म्हणून फेरी झाली की डबा फडक्यात गुंडाळायचा आणि घरी तांदळाच्या पिंपात पुरायचा. तांदूळ ओल ओढून घेतो.

आता नीट ऐका. त्या डब्याला स्वतःचा आवाज नव्हता. आवाज काढणारे स्पीकर होडीवर. वीज देणारी बॅटरी होडीवर. पिंपात होता तो नुसता मुका डबा.

रात्री वीज गेली. वैष्णवीनं देवापुढची समई पुढं ओढली. सुजय दमून खाटेवर आडवा झालेला. घरात ओहोटीच्या चिखलाचा वास आला, आणि वाऱ्याची तर झुळूकही नव्हती. वास स्वयंपाकघरातून येत होता. मग पिंपातून, तांदळाच्या खालून, कुणी तोंडावर हात ठेवून बोलावं तसं…

"घोट्याभर."

सुजयनं झोपेतच पाय वर ओढले.

"गुडघाभर…"

तिनं त्याला हाक मारली. हलवलं, डोकं मांडीवर घेतलं. त्याचा सदरा कोरडा होता, पण खालचं अंग मासळीसारखं गार. ते गारपण तिच्या हाताखालून वर वर चढत होतं. कमरभर, असं पिंपातून आलं, आणि कमर गार पडली.

"छातीभर…"

सुजयनं हनुवटी वर केली. पाण्यात उभा असलेला माणूस करतो तशी. तोंड उघडं, श्वास तोकडा. डोळे मिटलेलेच. कोरड्या खाटेवर, बायकोच्या मांडीवर, तिचा नवरा बुडत होता.

वैष्णवी उठली. पिंपात कोपरापर्यंत हात घातला. तांदूळ गार, डबा मात्र तापलेला. तो उपसून ओढणीत बांधला, देवाजवळ ठेवलेला दुसरा, न फोडलेला नारळ घेतला आणि धावत सुटली. काकांचं घर खाडीला लागूनच. काका ओट्यावर बसलेले, जणू वाट बघत. त्यांनी काही विचारलं नाही. बरोबर पाण्यापर्यंत आले.

"दोन्ही दे. नि गाऱ्हाणं घाल. तूच रांधलास, तुझ्याच तोंडून यायला हवा."

वैष्णवी गुडघाभर पाण्यात शिरली. देवापुढचं गाऱ्हाणं माहेरी आजोबा घालत, ते तिला तोंडपाठ होतं, पण आता एक शब्द आठवेना. ती एवढंच म्हणाली, "बा महाराजा, नकळत खाल्लं. माझ्या घरधन्याला सोड. त्याचं काय चुकलं असेल ते पोटात घाल."

डबा सोडला, तो गेला. नारळ सोडला. नारळ तरंगतो, सगळ्या जगाला ठाऊक आहे. हा दगडासारखा तळाला गेला. बुडबुडाही आला नाही.

परत येताना काकांनी हळूच विचारलं, गाऱ्हाण्यात दोघांची नावं घेतलीस ना. तिला नीट ऐकू आलं, पण ती घराकडं धावली. घरात सुजय खाटेवर उठून बसलेला, घामानं डबडबलेला, भूक लागली म्हणत होता. तिला रडू फुटलं. तिनं त्याला पेज वाढली आणि तो वाडगाभर पेज प्यायला.

आता सुजय ठणठणीत आहे. होडीवर गाणी नाहीत. काकांनी नाळीखाली नवा नारळ ठेवला, लाल कपड्यात. दिवाळीचे पाहुणे येऊन गेले. सगळं जागच्या जागी बसलं.

परवा सकाळी वैष्णवी स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, हातात चहाचा कप. सुजय पेपरातून तिच्याकडं बघत राहिला.

"असा गाऊन कशाला उचलून धरलास? लादी तर कोरडी आहे."

तिनं खाली पाहिलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत गाऊन गच्च धरलेला होता, मांडीपर्यंत. काल घोट्याच्या वरच होता, असं तिला अंधूक आठवलं. लादी खरंच कोरडी होती, वर ऊन पडलेलं.

तो सोडावा असं तिला वाटलं. पण भिजेल म्हणून तिनं सोडला नाही.