टोकाची रेती

जमिनीतल्या भूकंपप्रवण भेगांचा अभ्यास करणाऱ्या भ्रंश-संशोधन केंद्राच्या काळोख्या खोलीत डॉ. शाल्मली टिळेकर लाल दिव्याखाली एकच आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती. बारा हजार वर्षं.

"म्हणजे डोंगराखालचा भ्रंश गाढ झोपलाय," सहकारी मोघे म्हणाला. "पायथ्याच्या नव्या शहरातली चाळीस हजार माणसं सुटली. तुझी आईही तिथेच असते ना?"

"म्हणूनच शंका येते. भ्रंशावर खणलेल्या खंदकातला थर इतका जुना दिसत नव्हता. हा भ्रंश दर हजारेक वर्षांनी सरकतो, मोघे."

"अगं, गारगोटीच्या कणाला ऊन लागलं की त्याचं घड्याळ शून्यावर येतं, गाडला गेला की पुन्हा सुरू होतं. भूकंपाने गाडलेला कण भूकंपाचं वय सांगणारच. आपला प्रकाशस्मृती-मापक तर दिवसापर्यंत अचूक! तो कशाला खोटं बोलेल?"

मापक खोटं बोलत नव्हताच. नमुना घ्यायची नळी थरात ठोकताना तिच्या टोकांना ऊन लागतं, म्हणून तिथली रेती फेकायची, हे शाल्मलीला प्राध्यापक उकिडवे सरांनीच शिकवलं होतं. ती रेती कुणी कधी मोजत नाही. आज तिने मोजली. शेवटचं ऊन, सोळा फेब्रुवारी.

तिने नळी ठोकली होती तीन तारखेला.

सोळाला नमुन्यांच्या कपाटाची किल्ली सरांकडे होती. त्या दुपारी सरांच्या घरी तिच्या बढतीचं जेवण होतं. काकू आग्रहाने श्रीखंड वाढत होत्या आणि सर 'बैठकीला' गेले होते. बैठक डोंगरावर भरली होती तर! खालच्या जुन्या थरात नवी नळी, वर जुन्या नळीवरची, तिच्याच अक्षरातली चिठ्ठी. असा केसाने गळा कापायला गुरूच लागतो. ती तडक सरांच्या खोलीत शिरली.

"माझी नळी कुठे आहे, सर?"

"मोजली. नऊशे ऐंशी वर्षं. तुझं बरोबर होतं." सर शांतपणे म्हणाले. "मग उन्हात ओतली. खंदकावरही आता काँक्रीट आहे. एवढ्या माणसांना हलवणार कुठे, शाल्मली?"

"मग तुम्ही स्वतः नव्या शहरातलं घर सोडून का हललात?"

"तुझी काकू घाबरट. कळल्यावर एक दिवस राहीना."

"आणि ते घर माझ्या आईला दिलंत?"

"रिकामं ठेवलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं."

शाल्मलीने तिथूनच फोन लावला. "आई, काही विचारू नकोस. आत्ताच्या आत्ता शहराबाहेर नीघ."

"असं कसं गं?" आई म्हणाली. "सरांना विचारलंस का?"